हा बैल कुणाचा?

आमच्या मुरुडला समुद्र नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एका मुरुडाच्या वाट्याला जंजिरा आला. दापोलीजवळच्या मुरुडाला समुद्र मिळाला आणि वर महर्षी कर्वेही मिळाले. आमच्या वाट्याला लातूर-बार्शी रस्ता आला. त्यामुळं पुण्या-मुंबईत कुणी ‘हे मुरुडचे चित्रकार’ अशी ओळख करून दिली, की समोरचा हळवा होतो. “वा! म्हणजे खिडकी उघडली की लाटा!” मी मान हलवतो. लाटा आहेतच. उन्हाळी नांगरट झालेलं काळं रान सकाळी सातला बघावं, ढेकळांच्या लाटा पार क्षितिजाला भिडलेल्या असतात. फक्त त्यांत पाय भिजत नाहीत, पोळतात.

जलरंगाची सगळी पुस्तकं पाण्याच्या मुलखात लिहिली गेली असावीत. आधी कागद ओला करा, मग ओल्यावर ओला रंग सोडा, तो आपोआप पसरेल, असं त्यांत लिहिलेलं असतं. एप्रिलमध्ये आमच्याकडं आभाळाचा वॉश द्यायला घ्यावा, तर ब्रश उजव्या कडेला पोचेपर्यंत डावी कड वाळून तिथं रेघ उमटलेली असते. ढग काढायला जावं आणि बांध निघावा. २०१६च्या उन्हाळ्यात तर मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत ‘जलरंग’ हा शब्दच उद्धट वाटायचा. तेवढ्यापुरता मी गुपचूप तैलरंगांकडं वळलो.

दुसरी अडचण काळ्याची. कलाविद्यालयात आमच्या सरांनी बजावलं होतं, की ट्यूबमधल्या काळ्याला हात लावायचा नाही, निसर्गात काळा रंग नसतोच. सर बहुधा बार्शीच्या पुढं आले नसावेत. तरी गुरूची आज्ञा म्हणून मी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून माती करतो. पहिल्या पावसानंतरच्या मातीला निळा जास्त लागतो, भेगा पडलेल्या मातीला तांबडा. बाकी रंगांची ददात नाही. मार्गशीर्षात तूर पिवळी होते, माघात करडई आधी पिवळी आणि मग केशरी होते. सोयाबीन मात्र चित्रकाराच्या दृष्टीनं महाकंटाळवाणं पीक. गुडघाभर उंची, एकसारखा हिरवा, आणि एक दिवस अचानक सगळं तपकिरी. पण लातूरच्या आडत बाजाराला त्याच्यावाचून दुसरं काही सुचत नाही, आणि बाजारापुढं चित्रकाराचं कधी चाललंय?

पोटापाण्यासाठी मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली, की दहावीला सात वाढीव गुण मिळतात. त्यामुळं पालकांना कलेचं महत्त्व फार पटलंय. “सर, पोराला स्मरणचित्र तेवढं पाठ करून घ्या,” असं एका वडिलांनी मला कळकळीनं सांगितलं होतं. स्मरणचित्र पाठ! विचार करत गेलं की त्यातही काही चुकीचं वाटेनासं होतं.

तर प्रदर्शन. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ सालची, दुर्गा बाजपेयींनी आराखडा केलेली. तिथं तारीख मिळायला चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात. मुरुडला मंगल कार्यालय आहे. तिथंही तारीख मिळत नाही, कारण मुहूर्त. मोकळा सापडतो तो चातुर्मास. लग्नं बंद, हॉल रिकामा, भाडं निम्मं, आणि पावसाचे दिवस असल्यानं कागद छान फुगलेले. चित्रं टांगायला मंडपवाल्याचे पडदे, सुतळी आणि धोब्याकडचे चिमटे.

त्याआधी फ्रेम. गावातला फ्रेमवाला निष्णात माणूस, पण त्याची सगळी हयात देव आणि दिवंगत यांच्यात गेलेली. माझं करडईचं रान त्यानं काचेखाली बसवलं, सोनेरी पट्टी ठोकली आणि अदबीनं विचारलं, “सर, हाराला वर खिळा ठोकून ठेवू का?” मी नको म्हटलं. त्याला ते पटलं नाही. कधी ना कधी लागतोच, असं त्याचं अनुभवाचं मत होतं.

उद्घाटन रीतसर झालं. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. प्रमुख पाहुण्यांनी अजिंठ्यापासून सुरुवात केली आणि ते तूर-हरभऱ्याच्या भावावर आले, मधल्या काळात चित्रकलेचं काही घडलं नसावं. भाषण चित्रांकडं पाठ करूनच झालं, आणि त्यांना लगेच एका साखरपुड्याला जायचं होतं.

खरं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सुरू झालं. बाजाराला आलेली माणसं पिशव्यांसकट आत येऊ लागली. गॅलरीतला प्रेक्षक कसा असतो? तो हात मागं बांधतो, मान तिरकी करतो, दोन पावलं मागं जातो आणि अवकाश, पोत, लय यांबद्दल काही बोलतो. आमचा प्रेक्षक दोन पावलं पुढं येतो, चित्राला नाक लावतो आणि विचारतो, “हा बैल कुणाचा?”

सुरुवातीला मला याचं हसू यायचं. मी म्हणायचो, “आबा, कुणाचाच नाही. बैल आहे.”

“कुणाचा नाही असा बैल असतो का सर? शिंगं तर देवणीची काढलालाव.”

आता देवणी ही आमच्याच जिल्ह्यातली जात. अंगावर काळे-पांढरे ठिपके, कान खाली पडलेले. मी कान टवकारलेले काढले होते, रचनेला उभी रेघ हवी म्हणून. आबांनी रचनेचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे त्याला काहीतरी ऐकू आलंय. मग तसं दाखवा की, कोण हाक मारलालंय ते.” मोठ्या शहरातल्या समीक्षकांनी माझ्या रचनेवर पानभर लिहावं ही इच्छा माझी अजून आहे. पण त्या चित्रात उजवीकडं काहीतरी कमी आहे हे मला कधीचं टोचत होतं, आणि ते नेमकं काय, हे आबांनी चहा गार व्हायच्या आत सांगितलं.

बार्शी लाईटच्या चित्रापाशी तर सेमिनारच भरला. ही अडीच फुटी रुळांची गाडी १९११ साली लातूरला पोचली आणि पुढं तिची वाट रुंद होईपर्यंत आमच्यावरून जात राहिली. मी ती जुन्या फोटोवरून काढली होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला, “डबे सरळ आलेत. ती सरळ कधी चालायची?” दुसरे म्हणाले, टपावर माणसं दिसत नाहीत. तिसऱ्यांना धूर चुकीच्या दिशेला वाटला, कारण वारा त्या महिन्यात पश्चिमेचा. कोणता महिना, ते मी चित्रात कुठंच सांगितलं नव्हतं. त्यांनी बाभळीच्या शेंगांवरून ओळखला. पंढरपूरही याच लायनीवरचं गाव, आणि तिथं जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरलं, ही माहिती मी पुरवली. तिचं कौतुक झालं, धुराची दिशा मात्र माफ झाली नाही.

होर्डिंगवरून आठवलं. गावातला जुना बोर्ड रंगवणारा पेंटरही आला होता. कृषी सेवा केंद्र, दूध डेअरी, ट्रकमागचे मोर आणि डोंगर, निवडणुकीच्या भिंती, असं चार दशकं सगळं याच्या हातचं. मग फ्लेक्स आला आणि याचे ब्रश डब्यात वाळले. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना पडदे रंगवता रंगवता सिनेमा सापडला आणि ते बाबूराव पेंटर म्हणून अजरामर झाले. याला सापडलं ते रेडियमचं दुकान, नंबरप्लेटी कापायचं. तो एकटाच असा, की ज्यानं बैल, गाडी, रान यांतलं काहीही बघितलं नाही. तो फक्त रंग कसा लावलाय ते बघत गेला. एका आभाळापाशी थांबून म्हणाला, “हे एका हातात वढलंय.” मी हो म्हटलं. “आणि हितं भ्यालाव.” तिथं मी खरंच बिचकलो होतो. मग त्यानं सही बघितली. “‘ड’ पडलाय सर. त्याला खाली टेकू द्या.” त्यानं खिशातून पेन काढून हातावर ‘ड’ काढून दाखवला. असा ‘ड’ कुठल्याही कॉम्प्युटरच्या फाँटात नाही. नांदेडला त्र्यंबक वसेकरांनी अभिनव चित्रशाळा काढून पिढ्या घडवल्या, तशी एखादी आमच्या रस्त्यावर असती, तर अक्षराच्या तासाला मी याला खुर्ची दिली असती आणि स्वतः बाकावर बसलो असतो.

तिसऱ्या दिवशी एक विमा एजंट आले. चित्रांचा विमा काढलाय का, म्हणाले. मी हसलो, पण प्रश्न इतिहासाला धरून होता. रॉबर्ट गिल नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी १८४४पासून अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला करत होता. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या, आणि १८६६च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्सनं विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून पुन्हा तेच केलं. त्याही नकला लंडनला गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा १८८५ साली आगीत गेल्या. मूळ चित्रं डोंगराच्या पोटात, वटवाघळांच्या संगतीत, दीड हजार वर्षं राहिली. नकला प्रदर्शनात मांडल्या आणि आटोपल्या. म्हणजे धोका चित्र काढण्यात नसून ते दाखवायला नेण्यात आहे. हे एजंटना सांगितलं, तर त्यांनी हप्त्याचा आकडा वाढवला.

तसं बघितलं तर आमच्या जिल्ह्यात दरसाल एक मोठं प्रदर्शन भरतंच. येळवसेला, मार्गशीर्ष अमावस्येला, गावं ओस पडतात आणि सगळे रानात जातात. कडब्याची कोप उभी करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची. अवघ्या शिवारात प्रत्येकाची कोप वेगळी, पांडवांवरच्या चुन्याचा हात वेगळा. मुंबईत याला इन्स्टॉलेशन म्हणतात. आमच्याकडं बघायला येणाऱ्याला भज्जी, उंडे आणि आंबील मिळते. पाहुण्यांचं भाषण नसतं, बहुधा म्हणूनच ही परंपरा टिकली.

राहिली विक्री. किंमत विचारणारे बरेच निघाले. मी सांगितली, की माणूस मनातल्या मनात क्विंटलचा हिशेब करायचा. सोयाबीनचा २०२४-२५चा हमीभाव ४८९२ रुपये. माझं मधल्या आकाराचं चित्र साधारण एका क्विंटलला पडत होतं. “आणि खर्च किती आला?” एकानं विचारलं. कागद, रंग, फ्रेम मिळून मी आकडा सांगितला. त्यानं माझ्याकडं विलक्षण आदरानं बघितलं. खर्च वजा जाता काही उरतं, असा धंदा त्यानं बऱ्याच दिवसांनी बघितला होता. घेतलं मात्र नाही.

शेवटी घेतलं ते कार्यालयाच्या मॅनेजरनं, तेही सगळ्यांत मोठं, येळवसेचं. मी हरखलो. इतकं आवडलं का, म्हणून विचारलं. तो प्रामाणिक माणूस.

“चांगलंच हाय की. पण कसंय सर, स्टेजच्या मागं भिंतीला ओल आलीय. फोटोत नवरा-नवरीच्या डोक्यामागं डाग येतो. हे बरोबर तेवढ्या मापाचं हाय.”

त्यानं टेप आणून माप घेतलं. उभं जमलं, आडवं वीतभर कमी पडलं.

“डाव्या अंगाला एखादं झाड वाढवून देताव का?” तो म्हणाला. “पैसे त्याचे वेगळे.”

मी दोन पावलं मागं गेलो, मान तिरकी केली. झाड तिथं खरंच हवं होतं.

“लिंब काढू का बाभूळ?”

“लिंब काढा. लग्नाचं कार्यालय हाय, काटे नकोत.”