बॉनेटकाका

गाडीचं बॉनेट उघडताना फार तर 'खट्' होतं. आमच्या कॉलनीत ते तीन इमारतींपलीकडे ऐकू जातं. निदान बॉनेटकाकांना तरी जातं. काकांच्या कानाला मशीन आहे. दारावरची बेल त्यांना ऐकू येत नाही, सिलिंडरवाला दोनदा परत गेलाय. पण माझ्या वडिलांच्या 1986 च्या पद्मिनीचं बॉनेट वर गेलं की दुसऱ्या मिनिटाला काका शेजारी उभे. अंगात बनियन, हातात अर्धवट सुटलेलं शब्दकोडं.

काकांनी उभ्या जन्मात चारचाकी घेतलेली नाही. बँकेत होते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली, निवृत्तीनंतर इंजिनं तपासतात. नजर तीच.

गेल्या मे महिन्यात गाडी चौकात बंद पडली. ढकलत आणली, बॉनेट उघडलं.

"सेल्फ मार," काका म्हणाले.

घर्र घर्र घर्र. काकांनी डोळे मिटून, मान डोलावत ऐकलं. विलंबित ख्याल ऐकावा तसं.

"करंट आहे. पेट्रोल चढत नाहीये."

थट्टा करायची म्हटली तरी एवढं कबूल केलं पाहिजे, की काकांची पद्धत चोख असते. आधी त्यांनी प्लग काढायला लावला. ओला निघाला तर पेट्रोल नको तितकं येतंय, कोरडा निघाला तर पोचतच नाहीये. कोरडा निघाला. मग कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचं टोक बाटलीत धरायचं आणि पुन्हा सेल्फ. या वेळी काका आजूबाजूच्या सगळ्यांना विड्या विझवायला सांगतात, कुणी ओढत नसलं तरी. पंप धड असेल तर बाटलीत पिचकाऱ्या उडतात. आमच्या बाटलीत दोन थेंब पडले, तेही भिडेखातर पडल्यासारखे.

काकांचं बोट पंपाकडे गेलं. पद्मिनीचा पंप इंजिनाच्या अंगालाच चिकटलेला. इंजिन फिरलं की एक दांडी हलते, दांडीने आतला रबरी पडदा खालीवर होतो आणि त्या पडद्याच्या जिवावर पार मागच्या टाकीतलं पेट्रोल पुढे ओढलं जातं. उन्हाळ्यात इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ ओढणं काही पंपाला जमत नाही.

"गार झाली की सुरू होते ना?"

"होते."

"चौकात जाऊन पुन्हा मरते?"

"मरते."

"व्हेपर लॉक!" काकांनी घरून ओलं फडकं मागवलं आणि पंपावर ठेवलं. तापलेल्या नातवाच्या कपाळावर त्यांनी इतक्या मायेने घडी ठेवली नसेल.

तीन दिवस हा उपचार चालला. चौथ्या दिवशी गाडी पहाटे सहाला, चांगल्या गारव्यात, चौकातच मेली. व्हेपर लॉक निकालात निघाला. मग काकांचा संशय डायफ्रामवर गेला, जेटमधल्या कचऱ्यावर गेला, पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलवर गेला (जुन्या रबरांना ते सोसत नाही, हेही खरंच) आणि सरतेशेवटी माझ्यावर आला.

"मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीसुद्धा 2023 मध्ये पद्मिनी सोडली. तू कशाला धरून बसलायस?"

गाडी ढकलायला इस्त्रीवाल्याचा पोरगा आला होता. काकाही होते, सूचना द्यायला. पोराने विचारलं, "पेट्रोल हाय का पण?" आणि उत्तराची वाट न बघता टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! टाकीने असा श्वास ओढला, की पोरगा मागे सरला. मी सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात सुरू.

टाकीतून पेट्रोल जाईल तितकी हवा आत यावी लागते. आमच्या टाकीला ती झाकणातल्या बारीक भोकातून मिळायची, आणि ते भोक झाकणाखाली घट्ट बसवलेल्या दुधाच्या पिशवीने बुजलं होतं. हवा येईना, आत पोकळी झाली, पंप ओढून ओढून दमला. गाडी तासभर उभी राहिली की कुठूनतरी हवा झिरपायची आणि स्वारी पुन्हा चौकापुरती शहाणी व्हायची.

पिशवी मीच बसवली होती. एप्रिलमध्ये. उन्हात पेट्रोल उडून जातं म्हणून, काकांनी सांगितलं म्हणून.

काकांनी पिशवी हातात घेतली, उलटीसुलटी केली, सही पडताळावी तशी उजेडात धरली.

"मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो," ते म्हणाले, "पेट्रोल चढत नाहीये."

गाडी तेव्हापासून एकदाही बंद पडलेली नाही. काका माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.