पैठणीचा भोपळा

"रात्री दोनला आली गं त्यांची गाडी. मी जागीच होते."

जिजींच्या अंगणात मिरच्या पसरलेल्या, हातात काठी, आणि नजर कुंपणावरून थेट गुरुजींच्या बंद दारावर. अशा वेळी जिजी नेहमी 'जागीच' असतात.

"सोमवारी येतो म्हणाले होते," मी म्हटलं. "बुधवार उजाडला. त्यांच्या दुधाचं पातेलं, तुळशीचं पाणी, सगळं माझ्या गळ्यात."

"घाट बंद होता का? कोंडाईबारीत ट्रक आडवा पडला की रात्र तिथेच जाते."

"घाट कसला! मिरजेला गेले होते."

जिजींची काठी थांबली. "मिरजेला? पुण्याला गेले होते ना गाणं ऐकायला? मिरज कुठं, विसरवाडी कुठं!"

सकाळी चावी द्यायला गेले तेव्हा गुरुजींच्या सुनेनेच सांगितलं होतं. गाडी तीच चालवते. दहिवेल, साक्री, पिंपळनेर, सटाणा, नाशिक करत पुण्यापर्यंत एकटीने नेली, आणि गुरुजी शेजारी बसून दर गावाला "हळू घे" म्हणत होते. आपला महामार्ग ज्याने पाहिलाय त्याला हळू घे म्हणून सांगावं लागत नाही, ती गोष्ट वेगळी.

"ऐका तर. सवाई संपतो रात्री दहाला. पूर्वी म्हणे रात्रभर चालायचा. गुरुजी तरुणपणी जायचे तेव्हा कांबळं गुंडाळून बसायचं आणि पहाटेची भैरवी झाली की तसंच एसटी स्टँडवर. आता दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, कायदाच आहे तसा. एखाद्या रात्री बारापर्यंत परवानगी मिळते, तेवढंच. रविवारी रात्री मुकुंदनगरच्या मैदानातून बाहेर पडले, झोप कुणालाच नाही. गुरुजी म्हणाले, रात्र उरलीय, तर वापरू."

"दहाला?" जिजींना हेच भारी लागलं. "आपल्याकडे डोंगऱ्या देवाला दहाला कुठं पाय तापायला लागतात! मार्गशीर्षात त्या डोंगराकडच्या पाड्यांवर पावरी ऐक जरा. उजाडेपर्यंत वाजवणाऱ्याचा श्वास तुटत नाही. आणि हे त्याच दिवसांत पुण्याला जातात, दहाला बंद होणारं गाणं ऐकायला. पैसे देऊन!"

यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी पुढे गेले.

"पण मिरजच का, तर गुरुजींचा हिशेब असा. हा उत्सव भीमसेनांनी 1953 साली सुरू केला, आपले गुरू सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांच्या नावाने. आणि रामभाऊंचे गुरू अब्दुल करीम खाँ. ते राहिले मिरजेत. 1937 साली पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत मद्रासजवळच्या एका स्टेशनावर गेले, पण दफन मिरजेच्याच दर्ग्यात. शिष्याच्या नावाचं गाणं ऐकलं आणि गुरूच्या कबरीवर डोकं न टेकता परतायचं कसं, म्हणाले."

"आणि काकू काही बोलल्या नाहीत?"

"काकूंचा तर करारच मोडला होता! दोन दिवस गाणं, त्याबदल्यात एक पैठणी, असं ठरलेलं. गाणं दुपारनंतर असतं, सकाळ मोकळी. गुरुजी म्हणाले, आधी राजा केळकर म्युझियम बघू, मग साडी. तिथं वरती वाद्यांचं दालन आहे. गुरुजी दर काचेपुढे उभे. एकाला मोराचं तोंड, एकाला मगरीसारखं अंग. सून म्हणाली, दोन तास झाले तरी हलेनात. पहारेकऱ्याला विचारलं म्हणे, हे वाजतं का अजून? तो म्हणाला, काचेला हात लावू नका."

"आणि काकू?"

"काकू म्हणाल्या, माझे गुडघे दुखतात, मी बाहेर बसते."

"हं," जिजी म्हणाल्या. तो 'हं' तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

"कोण गं हा केळकर? राजा होता का?"

"नाही हो. दिनकर केळकर, पुण्याचे. राजा हा त्यांचा मुलगा, लहानपणी गेला. त्याच्या नावाने या माणसाने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्यं, काय काय जमवलं. वीस हजारांवर वस्तू. कोथरूडचा मस्तानी महालसुद्धा तिथं आणून उभा केलाय. मग 1975 साली सगळं सरकारला देऊन टाकलं."

जिजी क्षणभर गप्प. मग मिरच्यांवरची कोंबडी हुसकली. "बरं, मिरजेचं सांग."

"दर्ग्यात डोकं टेकलं आणि गुरुजी शिरले सतारमेकर गल्लीत. हे लोक मूळचे शिकलगार, हत्यारं करणारे. तलवारीला गिऱ्हाईक राहिलं नाही तसे तंबोऱ्याकडे वळले, त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआयचा शिक्काही मिळाला. आणि तिथं काच नाही, जिजी. हवं ते वाजवा. गुरुजींनी जागच्या जागी तंबोऱ्याची इसारत दिली!"

"म्हणजे पैठणीच्या पैशांची?"

"पैठणीच्याच. काकूंच्या हाती भोपळा!"

जिजी इतक्या हसल्या की पदर मिरच्यांत पडला. "अगं पण भोपळाच बघायचा तर मिरज कशाला? पावरीला भोपळाच असतो. आणि गुरुजींना गाता येतं कुठं? प्रार्थनेला मुलं वेगळी गायची आणि हे वेगळे."

"तेच तर! गातात काकू. कारागिराने घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली, आवाज खुलला, आणि काकूंनी तिथंच बसून अभंग म्हटला. गुरुजींनी पुरुषी तंबोरा सांगितला होता, मोठा. काकू म्हणाल्या, हा नको, बायकी द्या, मला पेलेल असा. गुरुजी बघतच राहिले, असं सून म्हणाली."

"गप," जिजी एकदम कुजबुजल्या. "आल्या."

काकू वाटी घेऊन कुंपणाशी आल्या. डोळ्यांत झोप, पण चेहरा प्रसन्न. "थोडी हिरवी मिरची द्या हो जिजी. घरात काही नाही."

जिजींनी मिरच्या तोडता तोडता तोंड शक्य तेवढं साधं ठेवलं. "ऐकलं मी, काकू. फार वाईट वाटलं. पैठणी राहिली म्हणे."

काकूंनी मागे वळून घराकडे पाहिलं. गुरुजी आत होते. मग त्या कुंपणावर वाकल्या.

"राहिली कुठं? हे वरती काचेपुढे उभे होते ना, तेव्हाच लक्ष्मी रोडवर जाऊन आले मी. पाच मिनिटांचा तर रस्ता." वाटी उचलली आणि वर बजावलं, "त्यांना नका सांगू. दुसऱ्या पैठणीचं कबूल केलंय त्यांनी."