भनपुरी ते रतनपूर : भग्नावशेषांचे कौटुंबिक अध्ययन

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर भनपुरी नावाचा भाग आहे आणि प्राचीन भग्नावशेषांच्या शोधार्थ निघालेल्या प्रवाशाने तेथून प्रस्थान ठेवावे असे त्या भागात वरकरणी काहीही नाही. रीरोलिंग मिल, म्हणजे लोखंडाचे ठोकळे तापवून त्यांच्या सळ्या आणि पट्ट्या ओढणारे कारखाने, लाकडाच्या वखारी, शेजारचे ट्रान्सपोर्ट नगर आणि पुढे उरला व सिलतरा येथील पोलाद आणि स्पंज आयर्नच्या भट्ट्या अशा शेजारात ही वस्ती वसलेली असून, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया संध्याकाळपर्यंत पांढऱ्या राहिल्यास त्या दिवशी कारखान्यांची वीज गेली असावी असे अनुमान तेथील गृहिणी काढतात. मात्र याच रस्त्याने नाकासमोर गेल्यास धरसींवा, सिमगा, नांदघाट ही गावे मागे टाकीत प्रवासी प्रथम शिवनाथ नदीतील मदकू द्वीप या बेटापाशी, नंतर मनियारी नदीकाठच्या ताला या स्थळी आणि बिलासपूर ओलांडल्यावर रतनपूर या जुन्या राजधानीत पोहोचतो. म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांचा इतिहास एका टाकी पेट्रोलमध्ये बसतो, आणि तरीही भनपुरीतून रोज या रस्त्याला लागणाऱ्या असंख्य वाहनांपैकी बहुतेकांत सळ्याच असतात.

या प्रदेशाचे मराठी माणसाशी असलेले नाते आधी स्पष्ट केलेले बरे, कारण पुढील बऱ्याच घटनांचे मूळ त्यात आहे. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी 1741 मध्ये रतनपुरावर चाल करून तेथील हैहयवंशी, म्हणजे कलचुरी, राजाला नमविले, आणि पुढे 1758 पासून 1787 पर्यंत रघुजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी यांनी रतनपुरात राहून छत्तीसगडाचा कारभार पाहिला. परिणामी, नागपुराहून नोकरीनिमित्त रायपुरात आलेल्या मराठी कुटुंबाला छत्तीसगड हा परप्रांत कधीच वाटत नाही. कसायची राहून गेलेली वतनी जमीन पाहायला आल्यासारखा त्याचा भाव असतो. असे कुटुंब सुटीच्या दिवशी मोटारीने इतिहास पाहण्यास निघते तेव्हा त्या प्रवासाला सहल म्हणावे, मोहीम म्हणावे की जमाबंदी, याचा निर्णय करणे अवघड आहे.

अशा प्रवासी कुटुंबाची रचना बहुधा ठरलेली असते. नागपुरात शिकलेले निवृत्त आजोबा, मोटार चालविणारा थोरला मुलगा, मागील आसनावर दोन जावा आणि त्यांच्या मध्ये चेपून बसविलेला नातू असा हा संच असून, धाकटा मुलगा परदेशात असल्यामुळे तो व्हिडिओ कॉलवरून उपस्थित राहतो. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे सहायक जे. डी. बेगलर 1870 च्या दशकात या भागात फिरले, तेव्हा रस्ते नसल्यामुळे त्यांचा वेळ गेला. आजच्या कुटुंबाचा वेळ निघण्यापूर्वीच जातो. सहाला निघायचे असे रात्री एकमताने ठरते आणि साडेसातला कोणीतरी गॅसचा कॉक बंद केला की नाही हे पाहण्यासाठी परत वर जाते. सामानात तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळपोळ्या, चिवड्याचा डबा, सतरंजी आणि प्रवासाशी कोणताही संबंध नसलेली एक रिकामी बरणी असते, कारण वाटेत लोणच्याचे आवळे मिळण्याची शक्यता थोरल्या जाऊबाईंनी गृहीत धरलेली असते.

एवढी शिदोरी बरोबर असूनही सिमग्याच्या अलीकडेपलीकडे मोटार टपरीपुढे उभी राहतेच. तेथे आलूगुंडा नावाचा पदार्थ मिळतो, ज्यात उकडलेल्या मसालेदार बटाट्याचा गोळा बेसनात बुडवून तळलेला असतो; त्यास बटाटेवडा म्हणावे की नाही याविषयी कुटुंबात जे मतभेद उद्भवतात ते मूर्तिशास्त्रातील कोणत्याही वादाइतकेच तीव्र आणि तितकेच अनिर्णित असतात. आजोबांच्या मते लसणाच्या प्रमाणावरून हा पदार्थ वेगळ्या घराण्यातील ठरतो. वाद चालू असताना आलूगुंडे संपतात, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

मदकू द्वीप येथे फार वेळ घालविला जात नाही आणि तसा तो घालविण्याची गरजही नाही. शिवनाथच्या प्रवाहाने वेढलेल्या या गर्द झाडीच्या बेटावर 2011 च्या सुमारास झालेल्या उत्खननात कलचुरी काळातील लहान लहान देवळांची जोती ओळीने उघडी पडली आणि ढासळलेले दगड पुन्हा रचून त्यांतील बरीच देवळे उभी करण्यात आली. जोते म्हणजे इमारतीचा जमिनीलगतचा दगडी ओटा, ज्यावर पुढे भिंती उभ्या राहतात. मराठी प्रवाशाला जोते पाहताच त्यावर बसावेसे वाटते, आणि पुरातत्त्व खात्याच्या दृष्टीने हीच मोठी अडचण आहे. राखणदाराने हटकल्यावर सतरंजी झाडाखाली हलविली जाते, गूळपोळ्या संपतात, नदीत पाय बुडवून होतात आणि कलचुरी राजांविषयी आजोबांनी सुरू केलेले वाक्य मोटार सुरू होण्याच्या आवाजात अर्धवट राहते. ते वाक्य वासुदेव विष्णु मिराशी यांच्याविषयीचे असते. नागपुरात संस्कृत शिकविणाऱ्या या विद्वानाने कलचुरी-चेदि संवताच्या, म्हणजे इसवी सन 248-49 च्या सुमारास सुरू झालेल्या कालगणनेच्या, शिलालेखांचा जो भव्य ग्रंथ 1955 मध्ये सिद्ध केला, त्यावाचून रतनपूरच्या राजांची धड वंशावळही लावता आली नसती. आजोबांनी तो ग्रंथ वाचलेला नसतो, पण मिराशींना नागपुरात रस्त्याने जाताना पाहिलेले असते, आणि कौटुंबिक वादात तेवढा अधिकार पुरतो.

खरे प्रकरण ताला येथे सुरू होते. अमेरीकापा गावाच्या हद्दीत, मनियारीच्या काठी, दोन शैव मंदिरांचे अवशेष थोड्या अंतरावर शेजारी शेजारी आहेत आणि त्यांना देवरानी व जेठानी अशी नावे आहेत. हिंदीत देवरानी म्हणजे धाकटी जाऊ व जेठानी म्हणजे थोरली, हे कळताच मागील आसनावरील दोन्ही सदस्यांची पुरातत्त्वातील रुची अकस्मात वाढते. अभ्यासक ही मंदिरे सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील मानतात आणि शरभपुरीय राजवटीशी त्यांचा संबंध जोडतात. परंतु जावांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, पूर्वाभिमुख देवरानी मंदिराच्या भिंती आणि देखणे प्रवेशद्वार अजून उभे आहे, तर दक्षिणाभिमुख जेठानी मंदिर पार ढासळलेले असून त्याचे जोते, पायऱ्या आणि इतस्ततः पडलेले कोरीव दगड एवढेच उरले आहे.

"जाऊबाई, तुमचं तर पुरंच पडलं न जी," असे धाकटी सहानुभूतीच्या स्वरात म्हणते.

"पडलं तर पडलं. सारा भार कोणी उचलला ते तर पाहा," असे थोरली उत्तर देते, आणि मंदिरस्थापत्याच्या भारवहनाविषयी याहून नेमके विधान त्या दिवशी दुसरे कोणी करीत नाही.

देवरानी मंदिराच्या द्वारशाखांपुढे, म्हणजे चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या नक्षीदार पट्ट्यांपुढे, जाणत्या प्रवाशाने थांबले पाहिजे. दगडात पानाफुलांच्या वेली इतक्या खोल कोरल्या आहेत की सकाळच्या तिरप्या उन्हात पानांच्या मागील अंधारही कारागिराने मोजून घातला असावा असे वाटते. मध्येच सिंहासारखे जबडा वासलेले कीर्तिमुख डोकावते. वर शिखर नाही, छप्पर नाही, त्यामुळे हा सगळा थाट आकाशाला दार लावल्यासारखा उभा आहे. कुटुंब मात्र या दाराकडे पाठ करून छायाचित्र काढते आणि दार छायाचित्रात पूर्ण झाकले जाते.

यानंतर ज्या मूर्तीसाठी ताला प्रसिद्ध आहे ती समोर येते आणि आतापर्यंतच्या सर्व टीकाटिप्पणीला खीळ बसते. 1988 मध्ये देवरानी मंदिराच्या परिसरातील दगडमाती उपसताना सापडलेली ही प्रचंड पाषाणमूर्ती अडीच मीटरहून उंच आणि कित्येक टन वजनाची आहे. ती दोन्ही पावले सारखी टेकून ताठ उभी आहे, आणि तिचा देह माणसाचा असला तरी अवयव प्राण्यांचे आहेत. डोक्यावरचे पागोटे सापांच्या वेटोळ्यांचे आहे. कपाळावरून खाली उतरणाऱ्या सरड्यासारख्या प्राण्याचे नाक झाले आहे. कान मोरांचे, मिशा माशांच्या, हनुवटी खेकड्याची. खांद्यांवर मकर, म्हणजे मगरीसारखा पौराणिक जलचर, जबडा उघडून बसला असून त्याच्या तोंडातून हात बाहेर आले आहेत. छातीवर चेहरे आहेत, पोट हाच एक मोठा चेहरा आहे, मांड्यांवर चेहरे आहेत आणि गुडघ्यांच्या जागी सिंहाची मुखे आहेत. आधी प्राणी दिसतात, मग माणूस दिसतो, मग पुन्हा प्राणीच दिसू लागतात, आणि पाहणाऱ्याची नजर एका जागी ठरत नाही; शिल्पकाराची करामत खरोखर येथे आहे, कारण एवढी गर्दी अंगावर असूनही मूर्ती विनोदी वाटत नाही, तिचा दरारा वाटतो.

या मूर्तीपुढे मराठी कुटुंबाचे जे होते ते नोंद घेण्यासारखे आहे. एरवी प्रत्येक स्थळी समजावून सांगणारा एक आणि न ऐकणारे चार अशी विभागणी असते. येथे सर्वजण मोजू लागतात. नातू मासे शोधतो, जावा मोर शोधतात, आजोबा चष्मा पुसून पुन्हा नाकापासून आरंभ करतात. "पाल आहे का हो ती?" "पाल नाही, सरडा." "घोरपड असंल न बाप्पा, एवढी मोठी." येथपर्यंतची चर्चा कोणत्याही चर्चासत्रात शोभली असती. पुढे नातवाचे बोट हळूहळू खाली सरकत कमरेच्या खाली येते आणि तेथे कासव आहे असे तो सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने जाहीर करतो. त्याचे निरीक्षण अचूक असते. शिल्पकाराने त्या जागीही आपला नियम मोडलेला नाही. परंतु नेमक्या त्याच क्षणी थोरल्या मुलाला चहाची, आजोबांना नदीची आणि दोन्ही जावांना मोटारीतील डब्यांची आठवण होते.

विद्वानांचीही स्थिती याहून फार निराळी नाही. सोयीसाठी या मूर्तीला रुद्रशिव म्हणतात. कोणी तीत पशुपती, म्हणजे सर्व पशूंचा स्वामी असलेला शिव, पाहतात, तर कोणी तिचा संबंध लकुलीशाच्या पाशुपत पंथाशी लावतात, आणि अशी दुसरी मूर्ती समोर ठेवून तुलना करता येत नसल्यामुळे वादाला शेवट नाही. युरोपात सोळाव्या शतकात जुझेप्पे आर्चिंबोल्दो नावाच्या इटालियन चित्रकाराने फळे, भाज्या, मासे आणि खेकडे यांच्यापासून माणसांचे चेहरे रचले व त्याबद्दल राजदरबारात वाहवा मिळविली. व्हिएन्नाच्या संग्रहालयात ती चित्रे पाहण्यासाठी तिकीट काढून उभे राहावे लागते. ताल्याचा शिल्पकार त्याच्या कितीतरी शतके आधी, रंगांऐवजी दगडात, आणि करमणुकीऐवजी पूजेसाठी हेच काम करून गेला आणि त्याचे नावही कोणाला ठाऊक नाही.

येथे एक कटू निरीक्षण नोंदविणे भाग आहे. हेच कुटुंब सहल कंपनीबरोबर रोमला गेले असता कोलोझियमच्या दगडांत भर उन्हात तासन् तास आदराने फिरते, कारण तिकिटाचे युरो रुपयांत गुणून झालेले असतात आणि ते वसूल होईपर्यंत बाहेर पडणे त्याच्या तत्त्वात बसत नाही. भग्नावशेषांपुढे घालविलेला वेळ आणि त्यासाठी मोजलेली रक्कम यांचे प्रमाण इतके नियमित आहे की, ताला येथे माणशी काही हजार रुपये आकारल्यास आजोबांचे मिराशींविषयीचे वाक्यही पूर्ण होऊ शकेल.

रतनपूरविषयी थोडक्यात सांगता येते. बिलासपूरच्या उत्तरेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेल्या या कलचुरी राजधानीत महामायेचे प्रसिद्ध मंदिर, पडका किल्ला आणि पुष्कळ तलाव आहेत. परंतु दिवस कलताना पोहोचलेल्या मराठी कुटुंबाचे लक्ष रामटेकरीकडे लागलेले असते. बिंबाजींनी टेकडीवर बांधविलेले हे राममंदिर दिसताच आजोबांना नागपूरजवळचे रामटेक आठवते, मुलीच्या सासरी आपल्याकडची रांगोळी दिसावी तसा आनंद होतो, आणि पायऱ्या चढताना गुडघे दुखत असल्याची तक्रार बंद होते. विजयादशमीला सोने म्हणून पाने वाटण्याची रूढी या भागात बिंबाजींनी आणली असे छत्तीसगडात सांगितले जाते. ते ऐकून जावाही प्रसन्न होतात. कोल्हटकरांच्या स्वारीत रतनपूरकरांना दंड भरावा लागला होता, याचा उल्लेख त्या टेकडीवर कोणी करीत नाही. परतीच्या वाटेवर, अंधारात, ट्रकांच्या रांगेमागून मोटार सरकत असताना धाकट्या मुलाचा परदेशातून कॉल येतो, आणि दिवसभरात काय पाहिले या त्याच्या प्रश्नाला देवळे, राजवंश व शिलालेख बाजूस सारून सर्वजण एकाच वेळी खेकड्याची हनुवटी सांगू लागतात.

भनपुरीहून निघणाऱ्या वाचकाने मदकू द्वीप परतीसाठी ठेवावे आणि तिरपे ऊन असेतो ताला गाठावे. जेवण बरोबर न्यावे. देवरानीचे दार आधी पाहावे, कारण मूर्ती पाहिल्यानंतर दुसरे काही पाहिले जात नाही. आणि मुलांनी कासवाविषयी विचारल्यास चहाला न जाता सरळ उत्तर द्यावे.