एकोणीस सक एकशे चौदा

शाळांमधल्या एसींची तपासणी करून वीजबचतीचा अहवाल पाठवा, असा आदेश उद्या निघालाच, तर सोलापूर जिल्हा देशात पहिला येईल. तपासणीसाठी एसी असावा लागतो, असं आदेशात कुठं लिहिलेलं असतं?

पथक गाडीच्या काचा लावून निघेल. शाळेपाशी उतरल्यावर गाडी चालूच ठेवावी लागेल, नाहीतर आतला गारवा जातो. वर पत्रा, खाली पोरं, बाहेर एप्रिल.

"एसी कुठाय, गुरुजी?"

"एसी कुठला ओ साहेब. पंखे हायत की दोन."

"मग फिरत का नाहीत?"

"बिल थकलंय. लाइट तोडून गेलेत."

साहेब शेरा मारतील : वीजवापर शून्य. अनुकरणीय.

इथवर ठीक. खरी गंमत पुढच्या हिशेबात आहे. ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो, की एसीचं तापमान एक अंशानं वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणून तर १ जानेवारी २०२० पासून घरगुती एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. आमच्या पत्र्याखाली ४३. म्हणजे वरचे अंश एकोणीस. एकोणीस सक एकशे चौदा. शाळेनं ११४ टक्के वीज वाचवली! शंभर टक्के आपली, वरची चौदा कुणाची तरी. शिवाय २०२५ मध्ये वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेऊन सरकारनं बचतीचा हंगामही लांबवला होता. कृतज्ञता म्हणून पोरांनी पेपरवर घाम गाळला.

जिल्ह्यात वीजच नाही म्हणावं, तर तसंही नाही. फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं केंद्र धूर सोडत उभं आहे. पाणी आमच्या उजनीचं. सोलापूर–रायचूर ही ७६५ केव्हीची वाहिनी तर दक्षिणेला उरलेल्या देशाशी जोडते. इतकी वीज डोक्यावरून जाते. एखादी तार वर्गात उतरावी, एवढंच राहून गेलं. भूगोलाच्या तासाला खिडकीतून मनोरे मात्र छान दिसतात.

१४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन. त्यानिमित्त ब्युरोची चित्रकला स्पर्धा असते. पोरं 'वीज वाचवा' लिहून हसरा बल्ब काढतात. आठवणीतून काढतात, तरी हुबेहूब येतो.

आणि एसीच हवा असेल, तर हट्ट करून उपयोग नाही. सरकारात गारवा वेतनश्रेणी बघून मिळतो. चौथीच्या पोराची वेतनश्रेणी काय धरायची, यावर अद्याप निर्णय नाही.

आमचे गुरुजी मात्र हिशेबाचे पक्के. जादा वाचलेले चौदा टक्के थकबाकीत वळते करून घ्यावेत, असा अर्ज ते नक्की टाकतील. उत्तरही येईल, तेही मुदतीत : अर्जासोबत चालू मीटरच्या रीडिंगचा फोटो जोडावा.