बायकोचे नऊ मार्क

मुलाकडे जर्सी सिटीला सहा महिन्यांसाठी गेलं की तीन आठवड्यांत सगळं पाहून होतं. उरलेले दिवस माणूस भाजी निवडतो किंवा गुप्तहेर होतो. भाजी हिच्या ताब्यात होती.

दर शुक्रवारी चिरंजीवांचे मित्र जेवणाच्या टेबलाभोवती 'डेल्टा ग्रीन' खेळायला जमत. "बाबा, एक भिडू कमी पडतोय." मला वाटलं, रमी. पाहतो तर पत्ते नाहीत, पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंड एवढंच सामान.

खेळाचं मूळ भयकथाकार लव्हक्राफ्टच्या एका गोष्टीत. १९२७-२८च्या हिवाळ्यात सरकार इन्समाउथ नावाच्या बंदरावर धाड घालतं, कारण तिथल्या माणसांचे हळूहळू मासे होत असतात. (धाडीवर मालवणी माणूस असता तर गोष्ट ताटातच संपली असती.) खेळात त्या धाडीतून एक गुप्त खातं उभं राहतं आणि १९७० मध्ये सरकार ते गुंडाळतं. तरीही माणसं चोरून काम करतच राहतात! हुकूम नाही, टीए-डीए नाही, बढती नाही. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या मला राक्षसांपेक्षा हेच अतर्क्य वाटलं. हा सगळा मामला १९९२ मध्ये एका मासिकात पहिल्यांदा आला, म्हणजे 'एक्स-फाइल्स'च्या आधी. हे चिरंजीव दर शुक्रवारी सांगतात.

खेळात मी एफबीआयचा हिशेबनीस झालो. हिशेब ६० टक्के, पिस्तूल २०. शंभरात आपल्या आकड्याच्या आत फासा पडला तर जमलं. सॅनिटी, म्हणजे डोकं ठिकाणावर असण्याचे मार्क, ५५. शिवाय कागदावर जवळच्या माणसांची नावं लिहायची. मी लिहिलं: पत्नी, ९.

तेवढ्यात ही साबुदाणावडे घेऊन आली. "मला नऊच?"

"आई, ते तुझे नाहीत. बाबांच्या व्यक्तिमत्त्वाचे आहेत. नातं तेवढ्यावरच सुरू होतं."

"मग बरोबर आहेत," म्हणून ती आत गेली.

खेळ सुरू झाला. तळघरात काहीतरी ओलं हललं. मी ७७ टाकले. दोन्ही आकडे सारखे आणि वर नापास, म्हणजे फजितीच. सॅनिटीचे सहा मार्क गेले.

"वाचवता येतील," चिरंजीव म्हणाले. "चार बाजूंचा फासा टाका. जेवढे पडतील तेवढं मनोबल खर्च, तेवढी सॅनिटी परत, आणि तेवढेच मार्क घरच्या माणसाचे कमी."

तीन पडले. मी नवाचे सहा केले. खोडरबर जरा जोरातच चाललं.

"आता सांगा, घरी गेल्यावर काय होतं?"

विचार न करता तोंडातून गेलं, "वहीतून डोकं वर न काढता म्हणतो, आमटीत मीठ नाही."

पोरं हसली. स्वयंपाकघरातलं भांडी घासणं थांबलं.

"अहो, हे तर दर मार्चला व्हायचं. तेव्हा कुठला राक्षस होता?"

"ऑडिटर," मी म्हणालो.

राक्षस पुढच्या शुक्रवारवर गेला. रात्री जेवायला बसलो. आमटीत मीठ नव्हतं. मी दोनदा वाढून घेतली.