गाडी सेटिंगला आहे

लग्नाला का आला नाहीस, असं दादाला विचारलं की उत्तर ठरलेलं: "गाडी सेटिंगला होती, काका." लग्न शेजारच्याच गल्लीत होतं आणि मांडव दादानेच घातला होता, हा मुद्दा गौण.

कर्जतच्या आसपास, दहिवलीपासून चौकपर्यंत आणि कशेळ्यापासून खोपोलीपर्यंत कुठेही जा, असा एक सेटिंगदादा तुम्हाला भेटेलच. वय पंचेचाळिशीच्या अल्याड-पल्याड. नखांत असं काळं की साबण, राख, लिंबू सगळं हरलेलं. पोटापाण्याचा धंदा वेगळा असतो. कुणी रिसॉर्टना पाण्याचे टँकर पुरवतो, कुणी मुंबईवाल्यांची फार्महाउसं राखतो. आमच्या दादाचं मंडप-डेकोरेशन. पण खिशात दहा-बाराचा पाना नसला की त्याला चारचौघांत उघड्यासारखं वाटतं.

गाडी आरएक्स हंड्रेड, नंबर एमएच-०६ चा. यामाहाची ही गाडी आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ ला बंद पडली. दादाच्या लेखी जगात घडण्यासारखं जे काही होतं ते या अकरा वर्षांत घडून गेलं. ९८ सीसी, पन्नासचा बोअर, पन्नासचा स्ट्रोक, अकरा हॉर्सपॉवर. पोराची जन्मतारीख सांगताना तो अडखळतो, हे आकडे सांगताना नाही. मुळात ही रस्त्यावरची गरीब गाडी. दादाने तिची 'डर्ट' केली. पुढचा मडगार्ड चाकापासून वीतभर वर, बटणाचे टायर, मागचं स्प्रॉकेट मोठं, आणि सायलेन्सर असा उचललेला की त्याचा पहिला डाग खुद्द दादाच्याच पोटरीवर आहे. कोंदिवड्याकडच्या कच्च्या वाटांवर, भाताची कापणी झालेल्या खाचरांतून ती उडवायची, असा बेत. प्रत्यक्षात ती उडते महिन्यातून एकदा. उरलेले एकोणतीस दिवस ती सेटिंगला असते.

सेटिंग या शब्दाला कचेरीत एक अर्थ आहे, कॉलेजच्या गेटवर दुसरा. दादाचा अर्थ तिसरा, आणि तिघांत तोच काय तो निष्पाप. टू-स्ट्रोक इंजिनाला पोटात तेल साठवायची सोय नसते. तेल पेट्रोलच्या सोबतीने आत शिरतं, जाता जाता वंगण करतं आणि जळून, धूर होऊन मागून येणाऱ्याच्या तोंडावर सुटतं. कंपनीने त्यासाठी बिचारा एक पंप दिला होता. दादाने तो उपटून टाकला. "पंपाच्या भरवशावर झोप नाय लागत." आता लिटरला चाळीस मिली तेल तो स्वतः मिसळतो. माप खोकल्याच्या औषधाचं झाकण. चार झाकणं एक लिटर. मग पेट्रोलपंपावर, मागे रांग लागलेली असताना, गाडी दोन्ही हातांनी धरून पाळण्यातल्या पोरासारखी हलवायची. तेल नीट मिसळतं. मागचे काय बोलतात ते इथे छापता येणार नाही.

रविवारी सकाळी मुरबाड रोडला प्लगदर्शन. गाडी पुऱ्या रेसमध्ये पळवायची, तशीच खाडकन बंद करायची, क्लच दाबून कडेला घ्यायची आणि गरम प्लग फडक्यात धरून, चष्मा कपाळावर सरकवून, डॉक्टर जीभ बघतात तसा बघायचा. काळा आणि ओला असला तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा पडला असेल तर कमी, म्हणजे 'लीन', आणि घाबरायचं ते याला. पेट्रोल कमी म्हणजे सोबतचं तेलही कमी. इंजिन तापतं, पिस्टन सिलिंडरला चिकटतो. मग लेथवाला, बोअरिंग, पॉइंट पन्नासचा ओव्हरसाइज पिस्टन, आणि वहिनींना "मंडपाचे पैसे अडकलेत" ही थाप. सगळं जुळलं असेल तर प्लगला चहाचा रंग येतो. दादा एकदा प्लग घेऊन थेट स्वयंपाकघरात गेला होता आणि कपाशेजारी धरून म्हणाला होता, "आज तुझा चहा जरा लीन झालाय." वहिनींनी दोन दिवस चहा केला नाही.

रंग आणायचा तो कार्ब्युरेटरमधल्या जेटने. जेट म्हणजे भोक पाडलेला पितळी स्क्रू, हरभऱ्याच्या डाळीएवढा. दादाकडे ते होमिओपॅथीच्या बाटल्यांत आहेत. पांढरी बुचं, वर बॉलपेनने ९२.५, ९५, ९७.५, १००. शेजारी शेजारी ठेवले तरी भोकांतला फरक डोळ्याला दिसत नाही. दादाला ऐकू येतो. सासूबाई सांधेदुखीसाठी त्यातली एक बाटली घेऊन गेल्या होत्या. बूच उघडल्यावरच उलगडा झाला, नाहीतर त्याही ९७.५ वर गेल्या असत्या.

खरा घोळ आपल्या भूगोलाचा. कर्जत समुद्रसपाटीपासून जेमतेम पन्नास-साठ मीटर, वर लोणावळा सहाशेच्या पुढे. वर हवा विरळ, म्हणून खाली जुळलेलं पेट्रोल तिथे जास्त होतं आणि गाडी ढेकर देत चालते. वर जुळवून खाली आलात तर कमी पडतं. त्यात मे महिन्यात हवा तापून हलकी, जुलैत ओली, डिसेंबरच्या पहाटे जड. सेटिंग सापडेपर्यंत ऋतू बदललेला असतो. मी एकदा म्हटलं, एवढ्या खटाटोपापेक्षा एक सेटिंग ठेव की सरसकट! दादाने स्टेशनच्या दिशेला बोट केलं. "काका, पुण्याच्या गाड्यांना इथे मागून इंजिनं का लावतात? १८६३ पासून रेल्वे घाट चढते, सदतीसला एक चढ आहे. रेल्वेपण कर्जतला सेटिंग करूनच वर जाते. आपण कोण?" ती इंजिनं लागेपर्यंत गाडी थांबते म्हणून तर कर्जतचा वडा नावारूपाला आला. सेटिंगवर आख्ख्या गावाचं पोट चाललंय म्हटल्यावर मी काय बोलणार!

त्याच भरात मी एकदा त्याच्या मागे बसून खंडाळ्याला गेलो. खोपोलीत टपरीवर थांबून त्याने कार्ब्युरेटरची वाटी उघडली, ९७.५ काढून ९५ घातला. हातावरून पेट्रोल ओघळताना बघून टपरीवाल्याने न बोलता आपला स्टोव्ह उचलला आणि पलीकडे नेऊन ठेवला. ओळख जुनी असावी. जुन्या रस्त्याने घाट चढताना शिंगरोबाच्या देवळाशी गाडी थांबली. इंग्रजांना या घाटाची वाट दाखवणारा धनगर तो हा, अशी कथा आहे. येणारे-जाणारे नाणं टाकतात. दादाने दोन टाकली. एक आपलं, एक गाडीचं. मी मागे बसलेला, माझं नव्हतं.

वर गाडी खरंच सुरेल पळाली. परतताना मात्र दादा गप्प. उतारावर रेस बंद असते, चाकं इंजिनाला फिरवत असतात आणि पेट्रोल नाही म्हणून तेलही नाही. टू-स्ट्रोक अशा लांब उतारावरही चिकटते. म्हणून तो क्लच दाबून गाडी सोडायचा आणि मधूनच उगाच रेस द्यायचा. धूर, ट्रॅण्ण्‌, पुन्हा शांतता. शेजारून जाणारे ट्रकवाले आमच्याकडे कीव करून बघत होते. खोपोलीत उतरलो तेव्हा माझे पाय लटपटत होते आणि दादा वाटी उघडून ९५ काढत होता.

घरात या गाडीला वेगळी खोली नाही, त्यामुळे ती सगळ्याच खोल्यांत असते. बेअरिंग बसवायचं तर ते थंड हवं आणि इंजिनाचं कवच गरम, म्हणजे एक आकसतं, दुसरं फुगतं आणि हातोडीशिवाय बसतं. तेव्हा बेअरिंग फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली आणि कवच गॅसवर. अशाच एका दिवशी पाहुणे आले, वहिनींनी घाईत मटार काढले. पुलाव चांगला झाला होता म्हणतात. बेअरिंग मात्र ताटात आलं नाही म्हणून दादाच्या जीवात जीव आला. सायलेन्सरच्या पोटात तेलाची काजळी साचते, ती भाजून काढावी लागते. त्याचा मुहूर्त होळीचा. आळीतल्या बायका नारळ टाकतात, दादा सायलेन्सर टाकतो. पोरं त्यालाही प्रदक्षिणा घालतात.

गेल्या जुलैत मुंबईहून एक पोरगा पिकअपमध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएमची तीनशे सीसी एन्ड्युरो घालून आला. नारिंगी, टू-स्ट्रोक, नंबरप्लेट नाही. दादा तिच्याभोवती दोनदा फिरला, वाकून बघितलं.

"कार्ब्युरेटर कुठंय?"

"नाही. इंजेक्शन आहे." पोराने कौतुकाने सांगितलं की केटीएमने २०१७ सालीच या गाडीतल्या कार्ब्युरेटरला रजा दिली, हवेचा दाब, तापमान गाडी स्वतः मोजते, घाट चढताना स्वतःच पेट्रोल कमी करते. तेलही स्वतःच घेते.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग अगदी मनापासून म्हणाला, "मग तुम्ही रविवारी करता काय?"

पोरगा हसला आणि निघाला. तासाभरात गाडी ढकलत परत. तेलाचा दिवा लागला होता. पेट्रोल भरलं होतं, तेल आणायचंच राहिलं होतं. दादाने थम्सअपच्या बाटलीतून आपलं तेल दिलं. पोराने ग्रेड विचारली. "चालतं," दादा म्हणाला. पैसे घेतले नाहीत. पण पोराला चहाला बसवून दोन तास प्लग दाखवले, सगळ्या रंगांचे, वर्षवार.

परवा त्या पोराचा दादाला फोन आला, मी तिथेच होतो. वडिलांची जुनी आरएक्स त्याने इमारतीच्या तळघरातून बाहेर काढली आहे. पंप उपटून झालाय. विचारत होता, "दादा, ते झाकण नेमकं कुठल्या औषधाचं?"