पाहुणे आले, पाणी भरा

ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली आणि छत्रपती संभाजीनगरातल्या तरुण संसारांना आई-बाबांची ओढ वाढली.

पैठणहून येणाऱ्या आजी-आजोबांचं कौतुक तर विचारूच नका. जायकवाडीचं धरण त्यांच्या उशाशी; तेच पाणी सुमारे ५० किलोमीटरवरच्या सिडकोत कित्येक वर्षं काही दिवसांआडच येत आलंय. नळाच्या दिवशी घरी हक्काचं माणूस नको? सून-मुलगा ऑफिसात, नातू आजोबांच्या कडेवर. आजोबांचा दुसरा हात मोटारीच्या बटणावर आणि आजी ‘आता पिंप, मग हंडे’ असं ओरडून सांगतेय.

रविवारी मात्र सहकुटुंब बीबी का मकबरा! मुलगा स्टेटस टाकतो: ‘आई-बाबांची सुट्टी, फुल्ल धमाल’. फोटो आजोबांनीच काढलाय. आजी डायपरची पिशवी सांभाळत बाजूला उभी.